छातीत धडधड, मनात धास्ती : घबराटीचा आजार आणि औषधाने मेंदूत होणारा फरक

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आपण एरवी बेणे, लागण, पाचट, खोडव्याचे खत अशा विषयांवर बोलतो. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. शेती खात्याच्या माणसाने डॉक्टरांच्या बांधावर कशाला जावे, असे कोणी म्हणेल. पण गटागटांतून फिरताना उसाबरोबर माणसेही भेटतात. गेल्या काही हंगामांत निरनिराळ्या गावांतून एकच तक्रार कानावर आली : "साहेब, एकाएकी छातीत धडधडतं, श्वास कोंडतो, आता मी जातो असं वाटतं. दवाखान्यात नेलं की कार्डिओग्राम चांगला येतो. डॉक्टर म्हणतात काही नाही. आठ दिवसांनी पुन्हा तेच."

यावर कोणी कर्ज काढून तपासण्यांवर तपासण्या केल्या. कोणी देवऋषी गाठला. कोणी मानसोपचार तज्ज्ञांकडे जाऊन गोळ्या सुरू केल्या आणि आठ-दहा दिवसांत, "ह्या तर डोक्याच्या गोळ्या, आपल्याला काय वेड लागलंय?" असे म्हणून बंद केल्या. या तीनही वाटांत शेवटचीने होणारे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते, कारण तिथे माणूस योग्य बांधापर्यंत जाऊन परत फिरला.

या आजाराला औषध आहे. ते औषध मेंदूत नेमके काय करते याचा अभ्यास जगात अनेक वर्षे चालू आहे. तो थोडा समजून घेतला तर गोळी मध्येच टाकण्याचा मोह टळेल, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. कोणती गोळी, किती आणि किती दिवस हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे. ते काम ना माझे, ना शेजाऱ्याचे, ना औषधाच्या दुकानदाराचे.

झटका म्हणजे काय?

डॉक्टर याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. आपण घबराटीचा आजार म्हणू. भीती सगळ्यांनाच वाटते. रात्री पाणी द्यायला गेल्यावर पायाजवळ साप सळसळला तर काळजात धस्स होणारच. ती भीती कामाची आहे, ती जीव वाचवते. या आजारात मात्र साप नसतो आणि शरीर सगळे साप दिसल्यासारखे वागते.

छातीत धडधड, घाम, हातापायांना कंप, श्वास कोंडणे, छातीत दुखणे, गळा आवळल्यासारखे वाटणे, मळमळ, चक्कर, अंगाला मुंग्या, अंगावर काटा किंवा गरम वाफा, आजूबाजूचे सारे खोटे वाटणे, आपला ताबा सुटेल असे वाटणे आणि मरणाची भीती, अशी लक्षणे ठरविलेली आहेत. त्यांपैकी चार किंवा अधिक एकदम उसळून काही मिनिटांत कळसाला पोचली, तर तो झटका समजतात. बहुधा अर्ध्या तासात तो आपोआप ओसरतो. श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यामुळे बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. तो लकवा नव्हे.

एखादा झटका पुष्कळांना आयुष्यात येऊन जातो. त्याला आजार म्हणत नाहीत. असे झटके पुन्हा पुन्हा, कारण नसताना येऊ लागले आणि "परत येईल की काय" या धास्तीत महिनाभर किंवा जास्त काळ गेला किंवा माणसाने आपले वागणेच बदलले, म्हणजे आजार झाला असे धरतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळते. तेव्हा "बायकांचं काहीतरी असतं" म्हणून घरातल्या सुनेची तक्रार झटकून टाकू नये.

वागणे कसे बदलते ते एका उदाहरणाने सांगतो. एका सभासदाला पहिला झटका ऐन हंगामात वजनकाट्याच्या रांगेत आला. पुढे-मागे ट्रॅक्टर, मध्ये हे. त्यानंतर त्यांनी काट्यावर यायचे सोडले. मग बाजाराला जाणे सोडले. मग रात्रीच्या लाइटीवर मोटर चालू करायला एकटे जाईनात. पाण्याच्या पाळ्या चुकल्या, आडसालीचा प्लॉट वाळू लागला. गावात बोलबाला झाला की माणूस आळशी झाला. तो आळस नव्हता. जिथे झटका आला ती जागा मन धोक्याची म्हणून नोंदवून ठेवते, आणि त्या जागांची यादी वाढत जाते. बांध कोरत कोरत शेजारी आत यावा तसा हा आजार माणसाचे आयुष्य आत आत ढकलतो.

आधी शरीराची तपासणी

येथे एक धोक्याची सूचना. छातीत दुखू लागले की "ही घबराटच असणार" असे घरच्या घरी ठरवू नये. पहिल्यांदा असे झाले तर, आणि वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूचे व्यसन असेल तर विशेषच, तडक दवाखाना गाठावा व कार्डिओग्राम काढावा. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, रक्तातील साखर उतरणे यांतही धडधड, घाम व कंप होतो.

आपल्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे. क्लोरपायरीफॉससारख्या कीटकनाशकाची फवारणी किंवा आळवणी केल्यावर घाम, लाळ, उलटी, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे आणि श्वासाचा त्रास सुरू झाला तर ती विषबाधा असू शकते. तेव्हा अंगावरचे कपडे उतरवून अंग धुवावे आणि औषधाच्या बाटलीवरचे लेबल बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालयात जावे. ही सगळी कारणे बाजूला पडल्यावरच घबराटीच्या आजाराचे निदान करतात.

नैराश्याचे औषध भीतीला कसे लागू पडले?

हा आजार नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सैनिकांत धडधड व छातीत दुखण्याची तक्रार फार होती. डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ साली त्यावर लिहिले, आणि त्यांना तो हृदयाचा चिडखोरपणा वाटला. त्यांतले काही रुग्ण आजच्या भाषेत घबराटीचे असावेत.

औषधाची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडचे डॉ. रोलंड कून यांनी १९५७ साली इमिप्रॅमिन हे औषध नैराश्यावर चालते असे जाहीर केले. त्यानंतर थोड्याच काळात न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड क्लाइन व त्यांचे सहकारी डॉ. मॅक्स फिंक हे औषध निरनिराळ्या रुग्णांना देऊन पाहत होते. तिथे काही रुग्ण असे होते की दिवसातून अनेक वेळा "मी मेलो, मी मेलो" करीत परिचारिकांच्या खोलीकडे धावत. परिचारिका धीर देई, थोड्या वेळाने ते शांत होत, आणि पुन्हा तेच. औषध सुरू होऊन काही आठवडे झाले. रुग्णाला विचारले तर तो म्हणे, फरक नाही. उपचार करणाऱ्यांनाही फरक दिसेना. परिचारिकांनी मात्र लक्षात आणून दिले की हा गृहस्थ पूर्वीसारखा आमच्याकडे पळत येत नाही.

मरणाच्या भीतीचे झटके थांबले होते. "पुन्हा येईल का" ही काळजी तेवढी शिल्लक होती. यावरून डॉ. क्लाइन यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असे मांडले की झटका वेगळा आणि रोजची काळजी वेगळी. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या रोगांच्या यादीत घबराटीच्या आजाराला स्वतंत्र नाव मिळाले. शेतात रोज वावरणाऱ्या मजुराला जे दिसते ते कधी कधी पाहणीला आलेल्या साहेबाला दिसत नाही. इथेही ते परिचारिकांना दिसले.

पुढे सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी, तुलनेने कमी त्रासाची औषधे निघाली. त्यांपैकी पॅरॉक्सेटिनला १९९६ साली आणि सर्ट्रालिनला १९९७ साली अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. एस्सिटालोप्राम व फ्लुऑक्सेटिन हीही याच घराण्यातली. ही औषधे नैराश्यावरची म्हणून ओळखली जातात. म्हणून चिठ्ठीवर तसे वाचून "मला कुठे नैराश्य आहे?" असे म्हणून घाबरू नये. एकच युरिया उसालाही चालतो आणि मक्यालाही चालतो, तशातला हा प्रकार आहे.

मेंदूतील साखरेचा हिशेब

जिवंत माणसाच्या मेंदूत काय चालले आहे ते डोके न उघडता कसे कळते? इथे आपल्या धंद्याचाच माल कामाला येतो. मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज ही साखर आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा शेकडा दोन, पण विश्रांतीच्या वेळी शरीर खर्च करते त्या शक्तीपैकी शेकडा वीस तो एकटा घेतो. मेंदूचा जो भाग जास्त राबतो तो जास्त साखर उचलतो.

पेट नावाच्या तपासणीत ग्लुकोजसारख्या पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरीन जोडून थोड्या प्रमाणात शिरेतून देतात. त्याची तीव्रता सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते. यंत्राच्या चित्रात कोणत्या भागाने किती साखर ओढली ते दिसते. दुसरी एमआरआयची पद्धत रक्तपुरवठ्यातील बदल टिपते. उपचाराच्या आधी एकदा आणि नंतर एकदा अशी चित्रे काढली तर फरक मोजता येतो. आपण लागणीपूर्वी व तोडणीनंतर माती परीक्षण करतो, तसेच हे समजावे. (यावरून जास्त साखर खाल्ली की मेंदू बळकट होतो, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. कारखान्याचा माणूस असूनही सांगतो.)

भीतीची साखळी

मेंदूत भीतीचे काम एकच भाग करीत नाही. कानशिलाच्या आतल्या बाजूस बदामाच्या आकाराची एक गाठ दोन्हीकडे आहे, तिला ॲमिग्डाला म्हणतात. ती राखणदार. तिच्या शेजारी हिप्पोकॅम्पस, तो जागा आणि प्रसंग लक्षात ठेवतो. मेंदूच्या देठात श्वास, नाडी, घाम व पळून जाण्याची तयारी चालविणारी केंद्रे आहेत. आणि कपाळामागचा पुढचा भाग हा घरातला समंजस कारभारी. "अरे, ती दोरी आहे, साप नव्हे" असे तो राखणदाराला सांगतो.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. जॅक गॉर्मन व सहकाऱ्यांनी १९८९ साली या साखळीची कल्पना मांडली आणि २००० साली ती सुधारून घेतली. त्यांच्या मते या आजारात ही साखळी फार हळवी झालेली असते. आपल्याला मोटरच्या स्टार्टरवरून हे चटकन कळेल. ओव्हरलोड रिलेची सुई फार खाली लावली असली तर मोटर चांगली, विहिरीला पाणी, व्होल्टेज ठीक, तरी खटकन ट्रिप होते. आपण मोटर खोलून पाहतो, वायंडिंग तपासतो, सारे चांगले. दोष मोटरीत नसतो, रिलेच्या लावणीत असतो. कार्डिओग्राम चांगला येऊनही झटका येतो तो असा.

या कल्पनेला काही पुरावा मिळाला. जपानमध्ये औषध सुरू नसलेल्या १२ रुग्णांची पेट तपासणी झाली व २००५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरोगी माणसांशी ताडून पाहता ॲमिग्डाला, हिप्पोकॅम्पस आणि मेंदूच्या देठात साखरेचा वापर जास्त आढळला. म्हणजे राखणदार उगाचच रात्रंदिवस जागा होता.

औषधाने काय बदलते?

आता मुख्य मुद्दा. मेंदूच्या देठात रॅफे नावाची पेशींची पट्टी आहे. तिथून सेरोटोनिन सगळ्या मेंदूला जाते, जणू मुख्य चारीतून पोटचाऱ्यांना पाणी. एका पेशीने सोडलेले सेरोटोनिन थोड्या वेळात परत शोषले जाते. औषध हे परत शोषणे अडवते, म्हणून सेरोटोनिन जास्त वेळ कामावर राहते. त्याने देठातील केंद्रे आणि ॲमिग्डाला यांचा हळवेपणा कमी होतो, असे डॉ. गॉर्मन यांचे म्हणणे आहे. प्रत्यक्ष तपासण्यांत काय दिसले ते क्रमाने पाहू.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे निरोगी माणसांना सात दिवस सिटालोप्राम देऊन भेदरलेले चेहरे क्षणभर, ध्यानातही येणार नाहीत इतके झटकन, दाखविले. औषध घेतलेल्यांच्या ॲमिग्डालाची उसळी कमी झाली होती. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. माणसाला स्वतःला काही जाणवण्यापूर्वीच राखणदाराची ओरड कमी होते, असा त्याचा अर्थ लावतात.

चेक प्रजासत्ताकात १२ रुग्णांपैकी काहींना औषध आणि काहींना बोलून करावयाचा उपचार तीन महिने दिला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दोन्ही गटांत मेंदूच्या वरच्या थरात सारख्याच धर्तीचा बदल दिसला : उजव्या बाजूच्या काही भागांत साखरेचा वापर घटला, डाव्या बाजूच्या काही भागांत वाढला. पण ॲमिग्डाला व हिप्पोकॅम्पसमध्ये फरक सापडला नाही.

दक्षिण कोरियात १५ रुग्णांना १२ आठवडे एस्सिटालोप्राम दिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे ज्यांना गुण आला त्यांच्या मेंदूच्या वरच्या थरात, तसेच डावीकडील भीतीशी संबंधित भागांत साखरेचा वापर वाढला. ज्यांना गुण आला नाही त्यांच्यात दखल घेण्याजोगा बदल दिसला नाही.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे २००८ साली सेरोटोनिन टिपणाऱ्या एका प्रकारच्या ग्राहकांची मोजणी झाली. उपचार न घेतलेल्या रुग्णांत ते रॅफेतही कमी होते आणि मेंदूच्या इतर भागांतही कमी होते. औषधावर बरे झालेल्या रुग्णांत इतर भागांतील प्रमाण निरोगी माणसांच्या जवळ होते, पण रॅफेतील उणीव तशीच होती. अमेरिकेत १९९८ सालच्या एका कामातही असेच काही दिसले. इमिप्रॅमिनवर बरे वाटणाऱ्यांच्या कपाळामागील एका भागातील साखरेचा वापर उतरला होता, पण हिप्पोकॅम्पसच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमतोल कायम होता.

या शेवटच्या दोन गोष्टींवर जरा विचार करावा. पीक हिरवे झाले म्हणून जमिनीतील सेंद्रिय कर्ब लगेच वाढला असे होत नाही. माणसाला बरे वाटू लागले तरी मुळातला कल काही प्रमाणात शिल्लक असतो, असे यावरून वाटते. बरे वाटताच गोळी सोडणाऱ्यांना पुष्कळदा पुन्हा त्रास का होतो, याचे कारण कदाचित इथे असेल.

हे निष्कर्ष किती पक्के धरावेत?

आपण चार गुंठ्यांवरच्या चाचणीवरून सगळ्या कार्यक्षेत्राला शिफारस करीत नाही. वरचे प्रयोगही थोड्या माणसांवरचे आहेत, औषधे वेगवेगळी आहेत, यंत्रे व पद्धती वेगळ्या आहेत. म्हणून एका ठिकाणी वापर घटलेला आणि दुसरीकडे वाढलेला दिसतो. शिवाय काळाबरोबर किंवा नुसत्या धीराने किती माणसे सुधारतात हे पाहायला औषध नसलेल्या गोळीचा तुलना प्लॉटही लागतो. तो सर्वच प्रयोगांत नव्हता. तेव्हा एखाद्याचे मेंदूचे चित्र काढून "तुला अमुक गोळी लागू पडेल" असे सांगण्याची वेळ अजून आलेली नाही. अशा चित्रासाठी कोणी हजारो रुपये मागितले तर देऊ नयेत. निदान आजही डॉक्टरांच्या विचारपूस व तपासणीवरच होते.

राखणदाराची कल्पनाही पुरी नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात दुर्मिळ आजाराने दोन्ही बाजूंचा ॲमिग्डाला निकामी झालेल्या तीन व्यक्ती तपासल्या. त्यांतल्या एका बाईंना साप, कोळी दाखवूनही भीती वाटत नसे. पण शेकडा ३५ कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली तेव्हा तिघांनाही घबराटीचा झटका आला. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे बाहेरून येणारा धोका आणि आतून होणारी घुसमट यांच्या वाटा वेगळ्या असाव्यात. डॉ. क्लाइन यांनी १९९३ सालीच म्हटले होते की या रुग्णांत घुसमटीची घंटा खोटीच वाजते.

यातून एक गोष्ट मात्र नक्की होते. हा आजार ढोंग नाही, बाहेरची बाधा नाही आणि मनाचा दुबळेपणाही नाही.

तीन-चार आठवडे का थांबायचे?

गोळी पोटात गेल्यावर सेरोटोनिनचे परत शोषणे काही तासांतच अडते. मग गुण यायला आठवडे का लागतात? त्याचे एक कारण असे सांगतात : सेरोटोनिन वाढले की रॅफेतील पेशी स्वतःच ब्रेक लावतात आणि पुढचे सोडणे कमी करतात. दोन-तीन आठवड्यांत हा ब्रेक हळूहळू ढिला पडतो आणि मग पाणी शेवटच्या पोटचारीपर्यंत पोचते. साखळीचा हळवेपणा उतरायलाही वेळ लागतो. साधारणपणे दोन ते सहा आठवड्यांत फरक दिसू लागतो. काहींना बारा आठवडेही लागतात.

उलट पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत काहींची धडधड, अस्वस्थता किंचित वाढते. म्हणून जाणते डॉक्टर अगदी लहान मात्रेने सुरुवात करतात. वर सांगितलेल्या सभासदांचे असेच झाले. आठव्या दिवशी अस्वस्थता वाढली म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. घरच्यांनी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेले, मात्रा निम्मी करून परत सुरुवात झाली, आणि बरोबरीने थोडे थोडे बाहेर पडण्याचा सराव दिला. पहिल्या आठवड्यात फक्त फाट्यापर्यंत, मग बाजारापर्यंत, मग गर्दीत. तिसऱ्या महिन्यात ते आपल्या ट्रॅक्टरबरोबर काट्यावर उभे होते.

या सरावाच्या उपचारालाही तितकेच महत्त्व आहे. अमेरिकेत ३१२ रुग्णांवर झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत इमिप्रॅमिन आणि विचार-वर्तनाचा उपचार हे दोन्ही गुणकारी ठरले. उपचार थांबविल्यानंतर विचार-वर्तनाच्या उपचाराचा गुण जास्त टिकला. औषध राखणदाराला शांत करते, सराव कारभाऱ्याला बळ देतो. दोन्ही मिळाले तर उत्तम.

सभासदांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१) गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. झटका आला तरच घ्यायची ही गोळी नव्हे.

२) बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने औषध चालू ठेवावे. साधारणपणे बरे झाल्यापासून निदान सहा महिने ते वर्षभर देतात.

३) औषध एकदम तोडू नये. चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. मात्रा हळूहळू उतरवायची असते. बाहेरगावी जाताना गोळ्या बरोबर ठेवाव्यात.

४) मळमळ, झोपेत फरक, घाम, लैंगिक इच्छा कमी होणे असे त्रास होऊ शकतात. लाज न धरता डॉक्टरांना सांगावे, औषध बदलता येते. अंगदुखीच्या गोळ्या किंवा ॲस्पिरिन चालू असेल, गरोदरपण असेल, तर तेही सांगावे.

५) अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी झटका पटकन दबतो, पण त्यांची सवय लागते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवसच घ्याव्यात. दुकानातून स्वतः आणू नयेत. दारूबरोबर तर मुळीच नकोत.

६) दारूने घबराट त्या रात्रीपुरती दबते आणि दुसऱ्या दिवशी वाढून येते. चहा-कॉफीचे प्रमाण कमी करावे, तंबाखू सोडावी.

७) पंचविशीच्या आतील मुलामुलींत औषधाच्या सुरुवातीच्या काळात क्वचित आत्महत्येचे विचार वाढतात. घरच्यांनी लक्ष ठेवावे, असे काही बोलणे निघाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि कीटकनाशके, तणनाशके घरात उघड्यावर न ठेवता कुलपात ठेवावीत. हा नियम तसाही प्रत्येक घरात असला पाहिजे.

८) झटका आला तर घरच्यांनी गर्दी, आरडाओरडा करू नये. कांदा हुंगवणे, तोंडावर पाणी मारणे नको. शेजारी बसून शांतपणे सांगावे : "हे आता उतरेल, श्वास हळू सोड." एकदा निदान झाले असेल तरच हे. नवीन किंवा वेगळे दुखणे वाटले तर दवाखाना.

मदत कोठे मिळेल?

प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना आधी दाखवावे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे मिळतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानस ही मोफत फोन सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे. त्यावर मराठीतून बोलता येते, आणि गावात कोणाला कळण्याची भीती नाही.

बंधूंनो, उसाला पोंगेमर लागली तर आपण झाकून ठेवीत नाही. शेजाऱ्याला दाखवतो, आमच्या कर्मचाऱ्याला बोलावतो, वेळेवर उपाय करतो. माणसाच्या दुखण्याची मात्र आपण लाज धरतो. घरात, वाड्यावर, ऊसतोडीच्या टोळीत कोणाला असा त्रास असेल तर त्याला हा अंक वाचून दाखवा. ज्याला अक्षर येत नाही त्याला चार शब्दांत सांगा. गोळी सुरू असेल तर ती अर्ध्यावर सोडू देऊ नका, आणि पहिल्या खेपेस त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. एकट्याने जायलाच तो भीत असतो.

पुढील अंकात खोडवा व्यवस्थापनावर लिहिणार आहे. तोपर्यंत पाचट जाळू नये, ही नेहमीची विनंती आहेच.

आपला,
ऊस विकास अधिकारी